आठ गेले, सात फुटले

तीन इंची मॉर्टर तीन माणसांच्या पाठीवरून जाते. एकाकडे नळी, दुसऱ्याकडे तिचे दोन पाय, तिसऱ्याकडे खाली टेकवायची लोखंडी थाळी. ओझं ज्याचं त्याला अर्धा मण पडतं. जागेवर पोचलं की थाळी जमिनीत ठोकून बसवायची, तिच्यात नळीचं बूड अडकवायचं, पुढून पायांचा टेका द्यायचा. मग एक नंबरचा जवान नेम धरतो, तीन नंबरचा बम तयार करून देतो आणि दोन नंबरचा तो बम वरून नळीत सोडतो. बम सरकत बुडाशी जातो, तिथल्या खिळ्यावर आपटतो आणि आल्या वाटेनं आभाळात जातो. मी दोन नंबर होतो. बम सोडायचा, मान फिरवायची, वाकायचं. चार वर्षं एवढंच केलं आणि डावा कान त्यातच गेला.

बंदुकीच्या जवानाला समोरचा माणूस दिसतो. आम्हाला तो कधी दिसायचा नाही. आम्ही टेकडीच्या अलीकडे, खळग्यात. बम टेकडीवरून पलीकडे पडायचा. पुढे लपून बसलेला आमचा माणूस टेलिफोनवरून सांगायचा, शंभर कदम कमी करा, पन्नास डावीकडे घ्या. आम्ही तसं करायचो. बम सुटल्यापासून फुटेपर्यंत मनात वीस-बावीस आकडे होतात. मला ते मोजायची सवयच लागली. सोडलेला प्रत्येक बम फुटला की नाही, हे ठाऊक असलेलं बरं असतं, कारण आपण सोडतो त्याच रानातून दुसऱ्या दिवशी आपल्यालाच चालायचं असतं.

आमची शेती कुरुंद्याला. वडील गेल्यावर घर थोरल्या भावाच्या हातात आलं. भाऊ वाईट नव्हता, पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. बैल कुणी धरायचे, पाणी कुठल्या वाफ्याला द्यायचं, रोज एक कारण निघायचं. लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. हिंगोलीच्या स्टेशनाजवळ भरतीवाले उतरल्याचं बाजारात कळलं आणि मी कुणाला न सांगता निघालो. रांगेत माझ्या पुढे शिरड शहापूरचा एक जण उभा होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, लग्न झालेला. सुभेदारानं छाती मोजली तेव्हा तो फुगवायचं सोडून श्वास रोखून राहिला आणि सगळे हसले. मीही हसलो. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि तोही हसला. बेळगावला आम्ही एकाच डब्यातून गेलो. पुढे मॉर्टरच्या टोळीत तो एक नंबर झाला आणि मी दोन नंबर. तिथून आम्ही एकमेकांना नावानं हाक मारलीच नाही. तो मला दोन नंबर म्हणायचा, मी त्याला एक नंबर.

त्याची नजर सरळ आणि हात थंड होते. एकदा पावसात बम नळीतच अडकला, सुटेना. अशा वेळी थोडं थांबायचं, नळी खालून उचलून हळूहळू वाकवायची आणि दुसऱ्यानं तोंडाशी हात धरून बाहेर येणारा बम झेलायचा. झेलायचं काम माझं होतं. मी दोनदा नळीच्या तोंडाशी हात नेले आणि दोनदा मागे घेतले. त्यानं नळी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि घरच्या म्हशी किती दूध देतात ते विचारलं. मी सांगितलं. मग त्यानं परत नळी उचलली आणि बम माझ्या हातात आला.

ब्रह्मदेशातल्या एका खोऱ्यात आम्ही भर पावसाळ्यात आठवडाभर मारा केला. भाताची खाचरं चिखलानं भरलेली. मऊ चिखलात बम पडला की त्याच्या टोकाला पुरेसा धक्का बसत नाही, तो तसाच आत जाऊन बसतो. मी मोजून राहिलो होतो, पण तिथे मोजदाद ठेवून उपयोग नव्हता, दहातले दोन-तीन फुटत नव्हते. पाऊस संपल्यावर आमची पल्टण त्याच खोऱ्यातून पुढे निघाली. वाटेत एका खाचरात नांगर अर्धा मातीत रुतलेला दिसला. रेडा एका अंगावर पडला होता. नांगर धरणारा माणूस थोड्या अंतरावर होता. त्याची बायको बांधावर बसली होती. ती रडत नव्हती, आमच्याकडे बघतही नव्हती. नांगराखाली फुटलेला तो बम कुणाचा, ते सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या खोऱ्यात दोन्ही बाजूंनी मारा झाला होता. मी तसं म्हणालो. एक नंबर पुढे चालत राहिला. मुक्कामाला पाठीवरची नळी उतरवताना म्हणाला, "आपलाच व्हता त्यो."

त्यानंतर तो जेवणावर बसला की मधेच थांबायचा. नेम मात्र कधी चुकला नाही.

लढाई संपली, आम्ही सुटलो. मी कुरुंद्याला आलो, तो शिरड शहापूरला गेला. माझं लग्न झालं. डाव्या बाजूनं कुणी बोललं तर कळायचं नाही, म्हणून गावात मला बहिरा म्हणू लागले. भावाशी मात्र आता पटत होतं. दूर राहिल्यानं दोघांनाही अक्कल आली होती. एक नंबरची गाठ वर्षातून एक-दोनदा पडायची, बाजाराला नाही तर औंढ्याच्या जत्रेत. शेतीचं बोलायचो. लढाईचं कुणीच काढायचं नाही.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. भादव्यात फौज निजामाच्या राज्यात घुसली आणि दोन-चार दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यावर तिच्या गाड्या दिसल्या. गावापलीकडे एक पडकी गढी होती. तिच्यात हत्यारबंद माणसं दडून बसलीत अशी खबर कुणीतरी फौजेला दिली. दुपारची वेळ होती. बायको आणि वहिनी घाबरून माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत बसल्या होत्या. मी दारात उभा होतो. रस्त्याकडून एक दबका आवाज आला, पायाखालून वर चढल्यासारखा. चार वर्षं ज्याच्याशेजारी उभा राहिलो, तो आवाज मला कानानं ऐकायची गरज नव्हती. मी आकडे मोजू लागलो. विसाला आमच्याच रानाकडे पहिला फुटला. गढीला कमी पडला होता. दुसरा सुटला. मी मोजत राहिलो. वीस झाले, पंचवीस झाले, तीस झाले. काही नाही. तिसरा सुटला आणि फुटला, तोही आमच्याच रानात, पण गढीच्या बाजूला सरकून. मग एकामागून एक पाच, सगळे गढीवर. त्यानंतर शांत झालं. गढीत कुणीच नव्हतं असं नंतर कळलं.

आठ गेले होते, सात फुटले होते.

संध्याकाळी मी भावाला सांगितलं की आपल्या रानात एक न फुटलेला बम आहे. भाऊ म्हणाला, खड्डे दोन दिसताहेत, बम दोन पडले. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो माझ्या उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, "तुला हाक मारलेली ऐकू येत न्हाई, अन् तू बम मोजले व्हय?" पारावर ही गोष्ट पसरली आणि लोकांना हसायला कारण झालं. मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवसांत गावात भीतीही पुष्कळ होती, आणि हसायला काही मिळालं तर माणसं सोडत नव्हती.

ते रान काळ्या मातीचं, रब्बीसाठी राखलेलं. पाऊस अजून चालू होता. चिखलात पडलेलं छिद्र दोन सरींत मिटून जातं, वरून काही कळत नाही. मी दोन दिवस बांधावरून फिरलो, काही दिसलं नाही. मग हिंगोली गाठली. कचेरीत सगळा गोंधळ होता. जुने अंमलदार गेले होते, नवे यायचे होते, कारकून तेवढे बसून होते. एका म्हाताऱ्या कारकुनानं माझं सगळं ऐकून घेतलं. अर्ज उर्दूत लिहू की मराठीत, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं दोन्हींत लिहिला. फौज पुढे गेली, आता तिला कुठे गाठायचं ते मला माहीत नाही, असं त्यानं खरं खरं सांगितलं आणि निघताना पाणी दिलं.

तिथून मी घरी आलो नाही, शिरड शहापूरला गेलो. एक नंबर वखर दुरुस्त करत होता. मी सांगितलं, आठ गेले, सात फुटले, दुसरा फुटला नाही. त्यानं मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. बायकोला दोन भाकरी बांधायला सांगितल्या आणि माझ्याबरोबर चालू लागला. रानात येऊन तो पहिल्या खड्ड्याजवळ उभा राहिला, मग तिसऱ्याच्या. गढीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. म्हणाला, नेम वाढवत नेलेला आहे, दुसरा या दोघांच्या मधेच असणार. आम्ही दोघांनी बाभळीच्या काट्या तोडून तेवढ्या पट्ट्याला कुंपण घातलं. तो संध्याकाळी परत गेला.

काटे दसऱ्यापर्यंत टिकले. पेरणीला भावानं ते काढले. मी विनवलं, तेवढा पट्टा पड राहू दे, एका सालानं काही बिघडत नाही. तो म्हणाला की रानाच्या मधोमध काटे ठेवून तिफण फिरवायची कशी. आम्ही दोघं तेव्हा पुन्हा भांडलो, वडील गेल्यानंतर भांडायचो तसे. शेवटी त्यानं स्वतः तिफण धरली, दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. मी बांधावर उभा राहून प्रत्येक फेरी पाहिली. तिफण वरवर जाते, बम खोल होता. काही झालं नाही. ज्वारी उगवली, कडेच्या ओळींत करडई उगवली. दिवाळीपर्यंत मलाही वाटू लागलं की माझी मोजणी चुकली असेल.

दिवाळीनंतर जमीन वाळली. काळी माती वाळली की फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वहिनी करडईची भाजी खुडायला गेली होती. परत आली ती टोपली तिथेच टाकून. एका भेगेत लोखंडाच्या पाकळ्यांसारखं काही दिसतंय असं तिनं सांगितलं. मी जाऊन पाहिलं. बमाच्या शेपटाच्या पात्या होत्या. शेपूट वर, टोक खाली, हातभर खोल.

भाऊ माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. त्यानं खाली पाहिलं आणि तिथून हलेचना. मी त्याला हाताला धरून बांधावर आणलं.

मी परत हिंगोलीला गेलो. या वेळी नवा साहेब होता. माणूस पाठवतो म्हणाला. आठ दिवस वाट पाहिली. दिवसा मी किंवा भाऊ, कुणीतरी एक जण बांधावर बसून राहायचा. भेगा रोज रुंदावत होत्या. एके दिवशी कुणाचा तरी सुटलेला गोऱ्हा ज्वारीत शिरला आणि त्या जागेपासून चार पावलांवरून गेला. त्याच संध्याकाळी मी शिरड शहापूरला निरोप पाठवला. निरोप मीच पाठवला. हे मी लपवत नाही.

तो सकाळीच आला. आम्ही दोघं पोटावर पडून भेगेत पाहत राहिलो. पल्टणीत असा बम दिसला तर हात लावायचा नाही, शेजारी दारू ठेवून जागच्या जागी उडवायचा, असा नियम होता. दारू आमच्याकडे नव्हती. तो म्हणाला, वर कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या रचून जाळ करू, तापला की आपोआप फुटेल. ब्रह्मदेशात एकदा असं केलेलं त्यानं पाहिलं होतं. मला ते पटत नव्हतं. मी म्हणालो, आणखी आठ दिवस वाट पाहू, साहेबानं शब्द दिला आहे. तो अंगावरची माती झटकत उभा राहिला.

"त्या भातवाल्याला कुणी सांगितलं न्हवतं," तो म्हणाला. "इथं तर आपल्याला ठावं हाय."

ब्रह्मदेश सोडल्यापासून त्या माणसाचा उल्लेख त्यानं पहिल्यांदाच केला होता. मी पऱ्हाट्या आणायला निघालो.

भावानं गावात फिरून त्या बाजूची सगळी रानं मोकळी करवली. आम्ही जागेवरची ज्वारी उपटली, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या रचल्या, लांबपर्यंत वाळल्या कडब्याची ओळ घातली आणि टोकाला काडी लावून नाल्याच्या काठाआड येऊन बसलो. मी, तो आणि भाऊ. जाळ चांगला धरला. धूर सरळ वर गेला. मी मोजायला लागलो आणि मग सोडून दिलं, कारण याला काही हिशेब नव्हता. जाळ तासभर टिकला. फुटला नाही. निखारे झाले, राख झाली. आम्ही तसेच बसून राहिलो. सूर्य कलला. भावानं दोनदा विचारलं की विझला असेल का. एक नंबरनं त्याला सांगितलं की आज इथून कुणी उठायचं नाही, उद्या बघू.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की गोवऱ्यांची आच खाली बमापर्यंत पोचलीच नसेल. भेगेत राख पडून बम झाकला गेला असेल, तर उद्या तो सापडायचा नाही, आणि परत सगळं पहिल्यापासून. लांबून बांबूनं राख बाजूला सारतो, म्हणाला. मी उठलो. त्यानं मला खाली बसवलं. पाहणं एक नंबरचं काम, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. पल्टणीत कधीही मी पुढे जाऊन पाहिलं नव्हतं.

मी त्याला बांबू घेऊन जाताना पाहत होतो. बांबू दीड माणूस लांब असेल. तो वाकला नाही, उभ्यानंच राख सारत होता, पेटत्या चुलीतलं लाकूड सारावं तसा, सावकाश. दोनदा सारली.

माझ्या चांगल्या कानानं तो आवाज ऐकला. माती आमच्यावर येऊन पडली. भाऊ ओरडून राहिला होता, पण काय ते मला कळत नव्हतं. मी धावत गेलो. पायाकडून तो जसा होता तसा होता, पायात वहाणाही होत्या. वर पाहू नये असं झालं होतं. मी माझं धोतर फाडून त्याचं तोंड झाकलं. भावानं घोंगडी आणली. त्याच्या हातून ती नीट पसरवली जाईना, म्हणून मीच पसरली.

पाटील आला, चार माणसांसमोर कागद लिहिला गेला. मग भावानं स्वतःची गाडी जोडली आणि आम्ही त्याला शिरड शहापूरला घेऊन निघालो. वाटभर भाऊ बैलांच्या पुढे पायी चालला, गाडीत बसला नाही. वेशीत शिरलो तेव्हा दुसऱ्या दिवशीचं उजाडलं होतं. लोकांनी घोंगडी पाहिली आणि वाट करून दिली. त्याची बायको ओसरीवर सुपानं ज्वारी पाखडत होती. तिनं आधी मला पाहिलं, मग गाडीत पाहिलं. सूप खाली ठेवलं. बायका तिच्याभोवती जमल्या तरी ती त्यांच्यातून वाट काढत माझ्यापर्यंत आली.

"लढाईतून आले व्हते ना घरी?" ती म्हणाली. "मग तुमी काहून बोलावलं त्यायला?"

गोऱ्ह्याचं सांगायचं की साहेबाचं? मी तिच्या पायाशी बसलो. भाऊ पुढे आला आणि म्हणाला की चूक माझी, काटे मी काढले. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिला काट्यांचं काही माहीत नव्हतं.

आमच्या रानातला खड्डा भावानं गाडीभर माती आणून बुजवला आणि पुढच्या वर्षी पेरला. शेत टाकून चालत नाही. माझं आणि त्याचं त्यानंतर कधी भांडण झालं नाही, बोलणंही कामापुरतंच राहिलं. पेरणीच्या दिवसांत मी आमचे बैल घेऊन शिरड शहापूरला जायचो आणि तिचं रान पेरून द्यायचो. ती नको म्हणाली नाही. दुपारी बांधावर भाकरी ठेवून जायची, बोलायची नाही. तिसऱ्या वर्षी तिचा भाऊ तिथे राहायला आला आणि आता येऊ नका असा निरोप त्यानं दिला. मी ते वावर पुरं करून बैल सोडले.

निघताना ती दारात आली. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. त्या दिवशी ते जेवले होते का, एवढंच तिनं विचारलं. मी सांगितलं, जेवले होते, माझ्या बायकोनं पिठलं केलं होतं, दोन भाकरी खाल्ल्या आणि ठेचा मागून घेतला. मिरची चांगली आहे, म्हणाले.

"त्यायला तिखट लागायचं," ती म्हणाली आणि आत गेली.